‘ॲलोपेशिया’ या शब्दाचा अर्थ आणि उगम

प्रश्न (गोरेगाव)
माझ्या बारा वर्षांच्या मुलीच्या कानामागे रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी केसपेपरवर ‘ॲलोपेशिया एरिएटा’ असे लिहिले. सासूबाई त्याला चाई म्हणतात आणि त्यांनी तिचा कंगवा वेगळा ठेवला आहे, याचे मुलीला फार वाईट वाटते. या शब्दाचा मूळ अर्थ काय, आणि त्यात संसर्गाचा काही संबंध आहे का?

उत्तर (गिरगाव)
शब्द मूळचा ग्रीक आहे. ‘अलोपेक्स’ म्हणजे कोल्हा आणि ‘अलोपेकिया’ म्हणजे कोल्ह्याला होणारी, अंगावरचे केस झडून कातडी उघडी पाडणारी लूत. पुढे हाच शब्द लॅटिनमधून वैद्यकात आला आणि आज कोणत्याही कारणाने केस जाण्याला लावला जातो. ‘एरिएटा’मागे लॅटिन ‘एरिया’, म्हणजे मोकळी जागा आहे. रोमन शेतकऱ्यांच्या तोंडी त्याचा अर्थ खळे असाही होता, आणि मला तो अर्थ फार नेमका वाटतो, कारण शेतात चोपून सारवलेले खळे ज्याने पाहिले आहे, त्याला चाईचा चट्टा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन वैद्यक-लेखकाने मानेमागून कानांकडे सरकणाऱ्या पट्ट्याला ‘ओफियासिस’ म्हटले आहे. त्यात ‘ओफिस’, म्हणजे साप आहे.

उत्तर (मुलुंड)
एक दुरुस्ती सुचवतो. ग्रीकांचा ‘अलोपेक्स’ म्हणजे आपल्याकडचे खोकड. आपला कोल्हा हा वेगळा प्राणी. आपल्या परंपरेतही या विकाराला नावे आहेत. सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्त, खालित्य आणि रुज्या अशी तीन नावे येतात, आणि पित्त व वात यांमुळे केस गळतात, मग कफ व रक्त रोमकूप, म्हणजे केस उगवण्याची छिद्रे, अडवतात म्हणून नवे उगवत नाहीत, अशी कारणमीमांसा दिली आहे.

उत्तर (दादर)
मी त्वचारोग विभागात काम करते, म्हणून कंगव्याविषयी लिहिते. नाव लुतीवरून आले असले आणि लूत सूक्ष्म किडींमुळे पसरत असली, तरी चाई संसर्गजन्य नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. मुळे सहसा नष्ट होत नाहीत, त्यामुळे पुष्कळदा केस परत येतात, कधी आधी पांढरे. कंगव्यातून पसरते ते डोक्यातले गजकर्ण. त्यात पापुद्रे सुटतात आणि केस तुटतात, तर चाईत कातडी गुळगुळीत राहते. सासूबाईंना हा फरक दाखवावा आणि कंगवा आजच जागेवर ठेवावा.