प्रशिक्षक झिकोला आघाडी राखता आली नाही : माझं मत, तुमचं काय?

मधली फळी (धागाकर्ता)

झिको माझा सगळ्यात आवडता खेळाडू आहे, आणि तरीही हा धागा मी त्याच्या विरोधात काढतोय.

खेळाडू झिकोबद्दल वादच नाही. रिओच्या किंतिनो वस्तीतला हा किडकिडीत मुलगा फ्लामेंगोसाठी पाचशेहून जास्त गोल करतो, ब्राझीलसाठी ७१ सामन्यांत ४८. १९८१ मध्ये कोपा लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकतो आणि त्याच डिसेंबरात टोकियोत त्याचा फ्लामेंगो लिव्हरपूलला ३-० हरवतो. पुढे इटलीत उदिनेसेसारख्या मधल्या फळीतल्या क्लबकडून पहिल्याच हंगामात लीगमध्ये १९ गोल. विश्वचषक मिळाला नाही, पण त्याने तो लहान होत नाही.

माझा प्रश्न २००२ नंतरच्या झिकोबद्दल आहे. दोन सामने शेजारी ठेवून पाहा.

पहिला, १२ जून २००६, कैझरस्लाउटर्न. झिको जपानचा प्रशिक्षक. ऑस्ट्रेलियाविरुद्ध २६व्या मिनिटापासून जपान १-० पुढे. दुपारचं ऊन आणि दमलेले पाय. समोर ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक हिडिंक एकामागून एक ताजे खेळाडू उतरवतोय : केहिल, उंचपुरा केनेडी, अलोईसी. झिको काय करतो? ७९व्या मिनिटाला आघाडीवीर यानागिसावाला काढून ओनोला आणतो. ओनो चेंडू सुंदर खेळवतो, पण हवेतून येणारे चेंडू डोक्याने परतवणं हा त्याचा खेळच नाही. ८४वं मिनिट, केहिल. ८९वं मिनिट, पुन्हा केहिल. ९०+२, अलोईसी. आठ-नऊ मिनिटांत १-० चं १-३.

दुसरा, २० डिसेंबर २०१५, फातोर्डा. झिको एफसी गोव्याचा प्रशिक्षक. आयएसएलची (इंडियन सुपर लीग) अंतिम लढत घरच्या मैदानावर, चेन्नईयिनविरुद्ध. ८७व्या मिनिटाला जोफ्रे गोल करतो, गोवा २-१. आता तीन मिनिटं आणि वर मिळतील तेवढी. ९०व्या मिनिटाला गोलरक्षक कट्टीमणीचा स्वयंगोल. ९०+२, मेंदोझा. २-३.

नऊ वर्षांचं अंतर, दोन खंड, एकच माणूस बाहेर उभा. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही. हे १९८२ च्या विश्वचषकातल्या सारिया मैदानावरून आलंय असं मला वाटतं. तिथे इटलीविरुद्ध झिकोच्या ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. फाल्काओने २-२ केल्यावरही तो संघ पुढेच जात राहिला आणि इटलीच्या रॉसीने तिसरा मारला. तो संघ मी जन्मभर डोक्यावर घेऊन नाचेन. पण प्रशिक्षकाचं काम वेगळं असतं. शेवटची पाच मिनिटं काढायची कशी, हे त्याने खेळाडूंना शिकवायचं असतं. अर्जेंटिनाचा सिमेओने पाहा. त्याने १-० राखण्यावर अत्लेतिको माद्रिद उभा केला.

माझं मत एका वाक्यात : झिकोने प्रत्येक संघाला तो संघ स्वतः झिकोंचाच बनलेला असल्यासारखं वागवलं.

पेठेतला गोली

कोल्हापूरकर आहे, त्यामुळे ब्राझीलच्या बाजूने बोलणार हे आधीच सांगतो. आमच्याकडे पेठेपेठेत ब्राझील आणि अर्जेंटिना अशी वाटणी असते, आणि ८६ च्या विश्वचषकातला ब्राझील-फ्रान्स सामना घरात कुणी विसरलेलं नाही. झिकोची पेनल्टी फ्रान्सचा गोलरक्षक बात्सने अडवली तेव्हा माझे वडील उठून बाहेर गेले होते. नंतर शूटआउटमध्ये झिकोने गोल केला, पण सॉक्रेटिस आणि ज्युलिओ सेझार चुकले. ती रात्र सगळ्यांनी झिकोच्याच नावावर लिहिली.

तुम्ही तेच करताय. दोन सामने निवडले आणि निकाल लावला. मग २००४ चा आशिया चषक कुठे गेला? चोंगचिंगमध्ये उपांत्यपूर्व फेरी, जॉर्डनविरुद्ध पेनल्टी शूटआउट. जपानचे पहिले दोन, नाकामुरा आणि सांतोस, दोघेही चुकले. पेनल्टीच्या जागेवर पाय घसरत होते म्हणून कर्णधार मियामोतोने पंचांशी बोलून गोलपोस्टच बदलून घेतला, म्हणजे पेनल्टी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हलवल्या, आणि गोलरक्षक कावागुचीने पुढच्या पेनल्टी अडवून सामना काढला. उपांत्य फेरीत बहारीनविरुद्ध एंदोला लाल कार्ड, दहा जण. ९०व्या मिनिटाला नाकाझावाने ३-३ केलं आणि जादा वेळेत तामादाने ४-३. मग बीजिंगमध्ये यजमान चीनला ३-१. संपूर्ण स्पर्धाभर प्रेक्षक जपानच्या विरोधात, आणि नाकाता, ओनो, इनामोतो संघात नाहीत.

शेवटच्या मिनिटांत हरला म्हणून तुम्ही झिकोला धरता. शेवटच्या मिनिटांत जिंकला तर श्रेय कुणाला?

मधली फळी

@पेठेतला गोली, हा मुद्दा मी टाळला हे खरं. पण बहारीनचा सामना माझ्याच बाजूने बोलतो. मागे असताना झिकोचे संघ जबरदस्त असायचे, कारण तेव्हा पुढेच जायचं असतं. मी बोलतोय आघाडीबद्दल. पुढे असताना काय करायचं, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

बोस्फोरस

नोकरीनिमित्त दोन वर्षं इस्तंबूलला होतो, तीही नेमकी २००६ ते २००८. म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

झिको तेव्हा तिथल्या फेनेरबाह्चे क्लबचा प्रशिक्षक. १९०७ साली स्थापन झालेल्या फेनेरबाह्चेचं ते शंभरावं वर्ष. त्या वर्षी लीग जिंकायचीच, असा शहराच्या अर्ध्या भागाचा दबाव काय असतो ते बघितल्याशिवाय कळणार नाही. झिकोने जिंकून दिली. पुढच्या हंगामात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत नेलं.

त्याआधीच्या फेरीतला, स्पेनच्या सेव्हियाविरुद्धचा परतीचा सामना आठवा. इस्तंबूलमध्ये ३-२ जिंकून गेलेलो, आणि तिथे नऊ मिनिटांत २-० मागे. देविदने दोन गोल परत केले. सामना ३-२, एकूण बरोबरी, पेनल्टी. वोल्कान देमिरेलने तीन अडवल्या. सुरुवातीच्या गोलांसाठी सगळे ज्याला शिव्या घालत होते, तोच वोल्कान. गोलरक्षकाला अशा रात्री उभं ठेवणारं वातावरण ड्रेसिंग रूममध्ये कुणीतरी तयार केलेलं असतं. प्रत्येक खेळाडू झिकोच असल्यासारखा तो विश्वास टाकतो, ही तुमची तक्रार आहे. त्या रात्री तोच विश्वास कामाला आला.

आणि मग चेल्सी. कादिकोयमध्ये, म्हणजे आमच्या मैदानावर, आमचाच स्वयंगोल, ०-१, तिथून २-१. मी त्या रात्री मैदानाबाहेरच्या गर्दीत होतो. परतीच्या सामन्यात लंडनला ०-२ गेलं, तेही दुसरा गोल अगदी शेवटी. पण त्या वसंतात झिकोला अपयशी म्हणणारा माणूस मला इस्तंबूलमध्ये भेटला नाही.

मधली फळी

लंडनला नेमकी आघाडीच घेऊन गेले होते ना? २-१.

बोस्फोरस

समोर लॅम्पार्ड आणि बालाक होते. तो संघ पुढे अंतिम फेरीत गेला आणि तिथेही पेनल्टीवर हरला. त्यांच्या मैदानावर २-० हरणं हे प्रशिक्षकाच्या स्वभावाचं लक्षण मानायचं असेल तर युरोपातले निम्मे प्रशिक्षक बाद होतील.

गोल लाइन

माझा आक्षेप वेगळा आहे. आघाडीबिघाडी सोडा, तो कुठे किती काळ टिकला ते बघा. फेनेरबाह्चेनंतर बुन्योदकोर, थोडके महिने. लीग आणि चषक दोन्ही जिंकले, मान्य, पण रिवाल्डोसारखा माणूस संघात असताना उझबेकिस्तानात कुणी हरवायचं? सीएसकेए मॉस्को, २००९, जानेवारी ते सप्टेंबर. ग्रीसचा ऑलिम्पियाकोस, सप्टेंबर ते जानेवारी. २०११ मध्ये इराक, नोव्हेंबर २०१२ मध्ये राजीनामा. मग कतारचा अल घराफा, तोही अर्धा हंगाम. रोपटं लावायचं आणि पाणी घालायच्या आत गाव सोडायचं. अशाने प्रशिक्षकाची स्वतःची पद्धत तयार कशी होणार? सिमेओनेची तुलना म्हणूनच चुकीची. तो २०११ च्या डिसेंबरपासून एकाच क्लबात आहे.

पेठेतला गोली

प्रत्येक वेळी गाव त्यानेच सोडलं का? मॉस्कोत रशियन चषक जिंकून दिला, तरी काढलं. ऑलिम्पियाकोसला चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांत पोचवलं, तरी जानेवारीत काढलं. इराकला सुरक्षेमुळे घरचे सामने घरी खेळता येत नव्हते, तरी पात्रतेच्या शेवटच्या फेरीपर्यंत नेलं. संघटनेने करार पाळला नाही असं सांगून तो बाहेर पडला. यातलं अस्थिरतेचं खापर किती त्याच्यावर फोडायचं?

इबाराकीहून

कालपासून वाचतेय. सगळे बोलताहेत, पण काशिमाचं नाव कुणीच घेतलं नाही याचं वाईट वाटलं.

मी इबाराकी प्रांतात राहते. काशिमा हे पोलाद कारखान्यांचं, समुद्राकाठचं गाव. १९९१ मध्ये झिको इथे आला तेव्हा सुमितोमो मेटल्सचा कंपनी संघ दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. हा माणूस ३८ वर्षांचा, ब्राझीलचा माजी क्रीडामंत्री, आणि कारखान्याच्या मैदानावर सरावाला. नव्या जे-लीगमध्ये या गावाला जागा मिळणं जवळजवळ अशक्य आहे, असं संयोजकांनी सांगितलं होतं. छप्पर असलेलं १५,००० आसनांचं फुटबॉल मैदान बांधाल तर बघू. त्यांनी बांधलं. मे १९९३ मध्ये पहिल्याच फेरीत काशिमा अँटलर्स झालेल्या या संघाने नागोया ग्राम्पसला ५-० हरवलं आणि चाळिशीतल्या झिकोने त्यात तीन गोल केले.

पण गोल ही खरी गोष्ट नाहीच. वेळेवर येणं, बूट स्वतः पुसणं, सरावातही हरणं मनाला लावून घेणं, हे त्याने कंपनीच्या नोकरदार खेळाडूंना शिकवलं. समर्पण, सचोटी, आदर, हे तीन शब्द क्लबात आजही ‘झिकोची शिकवण’ म्हणून सांगतात. जपानमध्ये सगळ्यात जास्त लीग विजेतेपदं या गावाकडे आहेत. २०१८ मध्ये तो तांत्रिक संचालक म्हणून परत आला आणि त्याच वर्षी अँटलर्सने पहिल्यांदा आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. मैदानाजवळ त्याचा पुतळा आहे. सामन्याच्या दिवशी आजोबा नातवंडांना तिथे उभं करून फोटो काढतात. मीही माझ्या मुलाचा काढलाय.

मधली फळी, कैझरस्लाउटर्नबद्दल तुम्ही बरोबर आहात. इथेही लोक तेच म्हणतात. झिकोच्या आधीचा प्रशिक्षक ट्रूसिएने शिस्तीची रेघ आखून दिली होती, झिकोने ती पुसून मोकळीक दिली, आणि संघाला त्या मोकळिकीचं काय करायचं ते पूर्ण उमगलं नाही. पण ती मोकळीक त्याने मुद्दाम दिली. जपानी खेळाडूने बाकाकडे न बघता मैदानावर स्वतः निर्णय घ्यावा, असं त्याला वाटायचं. चोंगचिंगमध्ये पंचांकडे जाऊन गोलपोस्ट बदलून मागणारा मियामोतो मला त्या मोकळिकीचंच फळ वाटतो.

मधली फळी

@इबाराकीहून, मियामोतोकडे मी असं कधी पाहिलं नव्हतं. हे मान्य करतो. माझ्या डोक्यात तो एक नशिबाचा किस्सा होता.

तरी एक विचारतो. कर्णधार बाकाकडे न बघता निर्णय घेतो, छान. मग ७९व्या मिनिटाला बाकाने जो निर्णय घेतला त्याचं काय? तो तर खेळाडूंचा नव्हता. बचावपटू मोनिवालासुद्धा शेवटी काढून आघाडीवीर ओगुरोला आणलं, तोवर २-१ झालं होतं. कर्णधार आपलं काम करत होता. बाकावरून चूक झाली.

इबाराकीहून

हो. ती चूक त्याचीच होती.

मडगावकर

आता आमच्याबद्दल बोलतो, कारण २० डिसेंबरला मी पूर्वेकडच्या स्टँडमध्ये होतो.

आधी हे लक्षात घ्या की तेव्हाचा आयएसएल म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, जेमतेम तीन महिने. संघ दरवर्षी अर्धा नवा. २०१४ मध्ये झिकोने फ्रान्सच्या पिरेससारख्या खेळाडूबरोबर पहिला संघ उभा केला आणि उपांत्य फेरीत आम्ही कोलकात्याशी दोन्ही सामन्यांत ०-० राहून पेनल्टीवर हरलो. दोन सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही! बचाव येत नव्हता म्हणता? २०१५ मध्ये साखळीत पहिले. मुंबईला ७-० हरवलं, हाओकिप आणि डुडू, दोघांची हॅटट्रिक. उपांत्य फेरीत दिल्लीकडून पहिला सामना हरून घरी ३-० ने उलटवला.

आमचाच म्हापशाचा मंदार राव देसाई त्या वर्षांत रोज ब्राझीलच्या लुसिओ आणि लिओ मोरासारख्यांबरोबर सराव करत होता. रोमिओ फर्नांडिस २०१५ मध्ये ब्राझीलच्या अत्लेतिको परानाएन्सेकडे उसनवारीवर गेला. गोव्याच्या पोराला ब्राझीलचं दार उघडतं, याचा अर्थ माझ्या आईला समजावून सांगताना माझा आवाज भरून आला होता. पोर्तुगीज बोलणारी म्हातारी माणसं अजून घराघरांत आहेत, ब्राझीलची जर्सी चॅपेलजवळच्या प्रत्येक मैदानावर दिसते. तिथे झिको रोज सकाळी सराव घेतोय, हे आमच्यासाठी स्वप्नच होतं.

अंतिम सामन्याबद्दल मी कुणालाच दोष देऊ शकत नाही. ८७व्या मिनिटाला जोफ्रेचा गोल झाला तेव्हा अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या. पाच मिनिटांनी तीच माणसं पायऱ्यांवर डोकं धरून बसली होती. घरी जाताना गाडीत कुणी बोललं नाही. पण झिकोने बचावपटू उतरवून वेळ काढला असता आणि तरी हरलो असतो, तर मला जास्त दुखलं असतं.

गोल लाइन

आणि २०१६? तळाला. ते का सोडलं?

मडगावकर

सोडत नाही. तो हंगाम वाईट होता, आणि तिसऱ्या वर्षी नवीन काही सुचत नाही हे दिसत होतं. बदल हवाच होता. पुढे नवा प्रशिक्षक लोबेरा आला, संघ घडला, २०१९ चा सुपर कप आला, २०१९-२० ची लीग शील्ड आली. त्यातलं किती झिकोचं, असा दावा मी करत नाही.

मधली फळी

मडगावकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कोलकात्याच्या दोन ०-० बद्दल मी चुकलो, तिथे संघाने बचाव केला होता. ‘त्याच्याकडे उत्तर नव्हतं’ असं मी सरसकट म्हणायला नको होतं. पण तुम्ही म्हणता की वेळ काढून हरलो असतो तर जास्त दुखलं असतं. मला उलट वाटतं. वेळ काढून जिंकलो असतो तर? तो चषक आज गोव्यात असता. कट्टीमणीला आयुष्यभर एका चेंडूचं ओझं वाहावं लागलं नसतं. प्रशिक्षकाने खेळाडूसाठी करायची गोष्ट मला हीच वाटते.

मडगावकर

कट्टीमणीबद्दलचं तुमचं म्हणणं मी खोडू शकत नाही.

फक्त एक सांगतो. २०१६ चा शेवटचा सामना, झिकोचाही गोव्याचा शेवटचा. फातोर्डालाच, समोर तेच चेन्नईयिन. आम्ही तळाला, स्टँड बरेचसे रिकामे. ४-४ असताना जादा मिनिटांत साहिल ताव्होराने पाचवा मारला. ५-४. त्या सामन्याने काहीच बदलणार नव्हतं, तरी शेवटच्या मिनिटाला आमचे खेळाडू पुढे धावत होते. मी शिट्टी वाजेपर्यंत उभा होतो.