जुनी डिझेल पिकअप सकाळी चालू व्हायला छळते, चालू झाली की मिसिंग मारते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जुन्नर तालुक्यातून लिहितोय. घरची पिकअप आहे, साध्या डिझेल पंपाची, चार सिलिंडर, कॉमन रेल वगैरे काही नाही. भाजी घेऊन आठवड्यातून तीनदा पुण्याला मार्केट यार्डात जातो, त्यामुळे रात्री अडीचला गाडी चालू झालीच पाहिजे. आणि नेमकी तेव्हाच ती होत नाही.

रात्रभर उभी राहिली की सात-आठ वेळा सेल्फ मारावा लागतो. इंजिन जोरात फिरतं, पण पकडत नाही. मध्येच एक-दोन ठोके देते आणि गप्प. शेवटी चालू झाली की पांढरा भपका येतो, डोळे चुरचुरतात. मग तीन-चार मिनिटं अशी थरथरते की डॅशबोर्डवरचा गणपती नाचतो. नंतर बरीच सुधारते, तरी स्लोला (रेस न देता) बारीक मिसिंग राहतंच, म्हणजे मध्येच ठोका चुकतो. दिवसभर मात्र अर्ध्या सेल्फला चालू.

बॅटरी दिवाळीत नवीन टाकली. सेल्फ खोलून कार्बन बदलले. एअर फिल्टर साफ आहे. गाडीखाली कुठेच डिझेल सांडलेलं नाही. एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "कम्प्रेशन गेलंय, इंजिन खोलावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी घेऊन घरी आलो.

एक विचित्र गोष्ट सांगतो, हसू नका. गेल्या महिन्यात सासुरवाडीला दोन रात्री मुक्काम होता. तिथे दोन्ही सकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. बायको म्हणते, गाडीलासुद्धा माझं माहेर मानवतं.

पाना १०-११:
दादा, आधी हे सांगा. सेल्फ मारत असता तेव्हा सायलेन्सरमधून धूर येतो का? चालू झाल्यावरचा नव्हे, नुसतं इंजिन फिरत असतानाचा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. मग कम्प्रेशन, टायमिंग, नोझल (इंजेक्टरचं डिझेल फवारणारं टोक) हे बघायचं. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही, आणि इंजिन खोलायचा विषयच येत नाही.
दुसरं, घरी गाडी कशी लावता आणि सासुरवाडीला कशी लावली होती?

धागाकर्ता:
आत्ताच मुलाला मागे उभं करून बघितलं. पहिले पाच-सहा सेल्फ काहीच धूर नाही, मग एकदम भपका.
घरासमोर चढ आहे, तोंड वर करून लावतो. सासुरवाडीला अंगण उताराचं, तिथे तोंड खाली होतं. पूर्वी घरीसुद्धा तोंड खालीच असायचं, कारण जुनी बॅटरी मेलेली होती आणि उतारावरून ढकलून चालू करायचो. नवीन बॅटरी आल्यावर ती सवय सोडली.

पाना १०-११:
मग झालं की! गाडी एअर घेतेय. तोंड वर असलं की टाकी खाली राहते. लाईनमध्ये कुठे बारीक फट असेल तर रात्रभरात तिथून हवा शिरते आणि पाईपमधलं डिझेल टाकीकडे उतरतं. सकाळी पंपाला मिळते हवा. तुम्ही आठ सेल्फ मारून ती काढता, आणि उरलेली पहिली तीन-चार मिनिटं थरथर करते. बॅटरीने बिघाड केला नाही, आधीचा झाकलेला बिघाड उघडा पडला.
उद्या सेल्फला हात लावायच्या आधी फिल्टरवरचा हातपंप पंधरा-वीस वेळा दाबा, कडक लागेपर्यंत. मग एकच सेल्फ.

घाटमाथा:
पण खाली कुठेच डिझेल सांडलेलं नाही म्हणताय ना? लीक असती तर डाग दिसला असता.

पाना १०-११:
नाही दिसत. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) ही ओढीची बाजू आहे. तिथली फट डिझेल बाहेर सोडत नाही, हवा आत घेते. म्हणून भलेभले मेकॅनिक फसतात.

धागाकर्ता:
हातपंप मारला. पहिले दहा-बारा दाब पोकळ गेले, मग कडक झाला. पहिल्या सेल्फला चालू! दोन महिन्यांत पहिल्यांदा. आता फट शोधू कशी? पाईप टाकीपासून पुढेपर्यंत चेसीला चिकटून गेलाय.

डिझेलपंपवाला:
सगळा पाईप बदलायची घाई नको. फीड पंपाला टाकीकडून येणारा पाईप काढा. तिथे दुसरा रबरी पाईप जोडून पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये सोडा. कॅन इंजिनपेक्षा उंच टांगा, रिटर्नचा (उरलेलं डिझेल परत नेणारा) पाईपही त्यातच. हातपंपाने एअर काढून गाडी एकदा चालवा, बंद करा आणि रात्रभर तशीच ठेवा, तोंड वर करूनच. सकाळी पट्कन चालू झाली तर दोष कॅनच्या मागे, म्हणजे टाकी ते फीड पंप. फिल्टरकडे फट असेल तर आता डिझेल उंचावरून येत असल्यामुळे तेच बाहेर झिरपेल. खाली जुना पेपर अंथरा, डाग कळेल.
कॅनवर गाडी रस्त्यावर नेऊ नका.
आणि कुणी हवेच्या पाईपशी पेटता बोळा धरून चालू करायला सांगितलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

धागाकर्ता:
पाच दिवसांनी लिहितोय. कॅनवर रात्रभर ठेवली, पेपर कोरडा, सकाळी पहिल्या सेल्फला चालू. मग टाकीपासून हाताने चाचपत गेलो. टाकीच्या डोक्यावर वीतभर रबरी पाईप आहे, त्याची क्लिप कुणीतरी इतकी आवळलेली की पट्टी रबरात रुतली होती. पाईप वाकवला तर क्लिपच्या कडेला नखाएवढी चीर उघडली. तेवढा तुकडा आणि दोन क्लिपा बदलल्या. तीन रात्री चढावर तोंड वर करून लावली, तिन्ही वेळा हातपंप न मारता चालू झाली.
पण स्लोचं बारीक मिसिंग गेलेलं नाही. गरम इंजिनलाही आहे.

डिझेलपंपवाला:
ते वेगळं दुखणं. गाडी स्लोला ठेवा आणि एकेका इंजेक्टरच्या पाईपचा नट अर्धा-पाऊण आटा सैल करून परत आवळा. चांगला सिलिंडर असेल तर इंजिन लगेच खाली बसेल. ज्याला काहीच फरक पडत नाही तो आजारी. वर जाड कापड टाका, चष्मा घाला, धारेसमोर बोट नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. तसं झालंच तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना.

धागाकर्ता:
तीन नंबर! सैल केला काय, आवळला काय, सारखंच. म्हणून तोच इंजेक्टर उपसला. त्याच्या तोंडाशी तांब्याचं एक वायसर आलं आणि बॅटरी मारून आत बघितलं तर भोकाच्या तळाशी दुसरं, काळं पडून चिकटलेलं. दोन असतात का?

डिझेलपंपवाला:
नसतात, एकच. आधी काम करणाऱ्याने जुनं न काढता वर नवीन बसवलंय. नोझल तेवढं वर उचललं गेलं, फवारा जिथे पडायला हवा तिथे पडत नाही. जुनं हुकने काढा, सीट पुसा, तिथला काजळीचा चुरा आत पडू देऊ नका. नवीन वायसर मूळ जाडीचंच घ्या, दुकानदाराला जुनं नेऊन दाखवा. इंजेक्टर बाहेर आहेच तर टेस्टिंगलाही टाका. आणि उरलेल्या तिघांखालीही बघा, एकाच हातचं काम असणार.