‘विश्वसनीय’ पात्र की ‘पटणारे’ पात्र?

प्रश्न : विज्ञानकथा आणि रक्तपिपासू पिशाचांच्या कथा यांविषयीच्या लेखनात ‘विश्वसनीय पात्र’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. जे मुळात अस्तित्वातच असू शकत नाही, त्याला विश्वसनीय म्हणणे कितपत योग्य आहे?

उत्तर : ‘विश्वास’ या शब्दाशी नाते असलेली तीन विशेषणे आपण रोज वापरतो. नोकर विश्वासू असतो, साक्षीदार विश्वासार्ह असतो आणि बातमी विश्वसनीय सूत्रांकडून येते. तिन्हींमध्ये विसंबण्याचा भाव आहे, म्हणून मला येथे ‘पटणारे’ हा साधा शब्द अधिक नेमका वाटतो. एखादा मुद्दा पटतो, दोन माणसांचे एकमेकांशी पटते आणि गर्दीत एखाद्याची ओळख पटते. यांतला ‘ओळख पटणे’ हा प्रयोग कथेतील पात्राला फार जवळचा आहे, कारण वाचकाला त्या पात्राच्या अस्तित्वाची खात्री पटत नसली तरी त्याच्या मनाची ओळख पटते.

ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या कादंबरीतील काउंट ड्रॅक्युला पाहावा. त्याचे प्रतिबिंब आरशात पडत नाही, हे आपण कथेचा नियम म्हणून स्वीकारतो. परंतु लंडनमध्ये आपण परके वाटू नये म्हणून तो पाहुण्याला आपल्या इंग्रजी उच्चारांतील बारीकशी चूकही दाखवायला सांगतो, आणि वाड्यात नोकरचाकर नसल्यामुळे स्वतःच पाहुण्याचा बिछाना घालतो व जेवणाचे टेबल मांडतो, तेव्हा त्याची ओळख पटते. परमुलखात आपल्या बोलण्याला कोणी हसू नये, ही धास्ती घर सोडून गेलेल्या कोणालाही ठाऊक असते. तो पाहुणा, म्हणजे जोनाथन हार्कर, वाटेत खाल्लेल्या कोंबडीच्या पदार्थाची कृती आपली वाग्दत्त वधू मीना हिच्यासाठी मिळवायची, अशी नोंद आपल्या रोजनिशीत करतो. अशा माणसाने पुढे भय नोंदवले की तेही खरे वाटते.

विज्ञानकथेलाही हेच लागू आहे. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेनस्टाइन’ या १८१८ सालच्या कादंबरीत एक संशोधक मृत अवयव जोडून एक जीव घडवतो; त्यात प्राण कसा आला, हे जवळजवळ सांगितलेलेच नाही. मात्र तो निर्मित जीव भिंतीच्या फटीतून एका कुटुंबाकडे पाहत भाषा शिकतो आणि त्यांच्यासाठी रात्री गुपचूप लाकडे गोळा करून आणतो. तेच लोक त्याला पाहताच हाकलून देतात, तेव्हा त्याचा पुढचा संताप समजावून सांगावा लागत नाही.

पुरवणी : अशा कथांतील रक्तपिपासू पिशाचासाठी काही जण ‘वेताळ’ हा शब्द सुचवतात, तो मला पटत नाही. आपल्या कथापरंपरेतला वेताळ प्रेतात वास करतो आणि विक्रमराजाला कोडी घालतो; कोकणात आणि गोव्यात तर तो कित्येक गावांचे ग्रामदैवत आहे. ‘रक्तपिपासू’ हेही विशेषणच आहे, आणि आपण ते क्रूर माणसालाही लावतो. त्यामुळे ‘व्हॅम्पायर’ हाच शब्द मराठीत ठेवावा, असे माझे मत आहे.