संरक्षण आदेश आणि जॉइंट खातं : अनुभव लिहा

रानजाई : काल बँकेत पुढच्या खिडकीवर एक तरुण मुलगी उभी होती, कडेवर बाळ. "जॉइंट आहे मॅडम, बदल करायचा तर दोघांच्या सह्या लागतील." तिचा चेहरा बघून माझी ती वर्षं डोळ्यांपुढे आली. आमचं नवरा-बायकोचं खातं 'दोघांपैकी कोणीही' असं होतं. मी माहेरी आले आणि लगोलग ते रिकामं झालं, बँकेच्या लेखी त्यात गैर काहीच नाही. पुढे वकीलबाईंनी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला, त्यात कलम १८ खाली उरलेली खाती आणि लॉकर नंबरासकट लिहिले. कोर्टाच्या परवानगीशिवाय नवऱ्याने हात लावायचा नाही, असा संरक्षण आदेश मिळाला. संरक्षण म्हणजे फक्त मारहाणीपासून, असंच बहुतेकींना वाटतं. पैशांचंही मागता येतं गं, पण अर्जात तसं लिहावं लागतं. तुमचं काय झालं ते सांगा.

अबोली : लॉकर!! आईने केलेल्या पाटल्या, तोडे, सगळं त्यात. किल्ली सासूबाईंकडे. आदेश झाल्यावर भाऊ प्रत घेऊन थेट शाखेत गेला, पोच घेऊनच आला. ही प्रत कोर्टातून फुकट मिळते, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. बाकी नंतर, कुकर लावायचाय.

निवृत्त बँकवाला : मी काउंटरच्या पलीकडे होतो. एका खातेदाराने 'आमच्यात वाद आहे, व्यवहार थांबवा' असं लेखी दिलं की साधारणपणे एकट्याच्या सहीवर पैसे देणं थांबतं. मग दोघांच्या सह्या, नाहीतर कोर्टाचा आदेश. आदेशाला वेळ लागतो, पत्र आजच देता येतं. शिक्का-तारखेची पोच घ्या. मात्र स्वतःचा पगार त्याच खात्यात येत असेल तर तो आधी दुसरीकडे वळवा, नाहीतर तोही अडकेल.

तेजू : ओटीपी!!! सिम नवऱ्याच्या नावावर, आधारला त्याचा नंबर, गॅसलाही त्याचाच. मी नवीन खातं उघडायला बसले की ओटीपी त्याच्या खिशात वाजणार. आधार केंद्रात जाऊन ठसे देऊन नंबर बदलला तेव्हा सुटले. आणि माझं जीमेल त्याच्या टॅबवर उघडंच होतं, वकिलांचे मेल वाचत होता तो.

रानजाई : तेजू, अगं बाई गं. मिठी तुला.

मुग्धा नाशिक : कायद्यात साठ दिवसांत निकालाचं लिहिलंय, इथे नुसत्या तारखा. पण कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता आदेश लवकर मिळाला, त्यावर जोर द्या. आमच्या संरक्षण अधिकारी बाई फार चांगल्या, घरात झालेल्या हिंसेचा अहवाल समोर बसवून भरून घेतला. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना उत्पन्नाची अट नाही.

पाऊसपाणी : मुग्धाताई, नाशिक कोर्टापाशी गाडी लावायला जागा मिळते का? गुरुवारी बहिणीला आणायचंय.

मुग्धा नाशिक : गाडी नकोच, सीबीएस बसस्टँडपासून चालत ये. डबा आण, दुपार होतेच.

सातारकर : माझ्या बहिणीच्या नवऱ्याने आदेश असताना लॉकर उघडला. कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार द्यायला तिचा जीव होईना, पोराचा बाप आहे म्हणायची. महिनाभर समजूत काढली. शेवटी लॉकरच्या नोंदवहीतली त्याची सही आणि वेळ कामी आली.

तेजू : दादा, ताई बरी आहे ना आता?

सातारकर : हो. नोकरी करते, पोरगा दहावीला.

अबोली : आले परत. पाटल्या मिळाल्या, तोड्यांची केस चालू आहे. पाऊसपाणी, बहिणीला स्त्रीधनाची यादी करून आणायला सांग, लग्नातले दागिने दिसणारे फोटो आणि सोनाराच्या पावत्या असतील तर त्याही.