मदत हवी आहे: लॉनमधलं हे तण ग्लेकोमाच (ग्राउंड आयव्ही) का, आणि ट्रायक्लोपिर हे तणनाशक कधी मारावं?

सावलीतल्या ओलसर लॉनमध्ये एक बारमाही तण जमिनीसरशी पसरतंय. खोड चौकोनी, पानं समोरासमोर, मूत्रपिंडाच्या आकाराची, कडा बोथट दातेरी, चुरगळल्यावर उग्र वास. फुलं जांभळट, दोन ओठांची. मंडूकपर्णी नव्हे, तिचं खोड चौकोनी नसतं. ग्लेकोमा हेडरेसिया वाटतंय, दुजोरा मिळेल का?

उपटताना धावती खोडं तुटतात आणि मुळं धरलेलं प्रत्येक पेर पुन्हा फुटतं. ग्लायफोसेट हे तणनाशक गवतही मारतं, म्हणून रुंद पानांची तणं मारणाऱ्या ट्रायक्लोपिरचा विचार आहे (लॉनचं गवत फेस्क्यू जातीचं आहे). फवारणी फुलोऱ्यात करावी, की थंडीआधी, अन्नरस मुळांकडे उतरताना? शेजारच्या झुडपांना मुळांतून धोका किती? फवारणीनंतर गवताचं बी किती दिवसांनी पेरावं?

बोरॅक्स कृपया सुचवू नका, त्यातलं बोरॉन मातीत साठून गवतच जळतं.