अनुभव धागा : साठच्या दशकातला 'चावट' ब्रिटिश सिनेमा आज पाहताना

रिचर्ड लेस्टरचा 'द नॅक' (१९६५) परवा पाहिला. बीटल्सना घेऊन सिनेमे करणारा तोच हा लेस्टर. कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालंय, हलक्यात घेऊ नका. कॉलिन हा बुजरा मास्तर, त्याच्याकडे भाड्यानं राहणारा, पोरी पटवण्यात पटाईत टोलन आणि वायडब्ल्यूसीए (तरुणींचं वसतिगृह) शोधत लंडनभर हिंडणारी नॅन्सी. तासभर मी खूश होते. मग नॅन्सी 'बलात्कार! बलात्कार!' ओरडत रस्तोरस्ती फिरते आणि आपण हसावं अशी अपेक्षा. मला काही जमलं नाही. तुमचे अनुभव लिहा.

*

विशीतल्या लेकीबरोबर पाहिला. भलामोठा लोखंडी पलंग ढकलत भर रहदारीतून घरी नेतात, तिथं ती खदाखदा हसली. पुढं नॅन्सी एक दार ठोठावते आणि आतली बाई तिला फेरीवाल्यासारखं वाटेला लावते. लेक म्हणाली, "आई, असंच होतं की!" तिला ती थट्टा वाटलीच नाही.

*

मूळ नाटक अ‍ॅन जेलिको या बाईंचं आहे, बरं का. त्यात पात्रं चारच आणि सगळं घडतं घरात. तिथं नॅन्सीचा आरोप तिन्ही पुरुषांच्या तोंडावर येतो, टोलनचा माज त्यानंच उतरतो. लेस्टरनं तो आरोप रस्त्यावर नेला आणि त्याचा धावता गंमतखेळ झाला. घोळ तिथं आहे, असं माझं मत.

*

नाटक-बिटक ठीक आहे हो. दादा कोंडक्यांवर वाढलेल्यांना यात नवीन काय?

*

काका, दादांची मजा शब्दात होती, अर्थ ऐकणाऱ्यानं लावायचा. इथं टोलन बागेत मुलीच्या अंगचटीला जातो. दोन्ही एका मापानं कसं मोजायचं?

*

मी इंग्लंडमध्ये राहते. शेजारच्या आजी तेव्हा तरुण होत्या. त्यांना या सिनेमातलं मोकळं लंडन आठवतच नाही. गर्भनिरोधक गोळी १९६१ मध्ये आली खरी, पण आधी फक्त लग्न झालेल्यांना. मैत्रिणी बोटात खोटी अंगठी घालून डॉक्टरकडं जायच्या म्हणे. नवऱ्यानं केलेली जबरदस्तीही बलात्कारच, हे इथल्या सर्वोच्च न्यायपीठानं मान्य केलं १९९१ मध्ये! हे ऐकल्यावर सिनेमातली गाणारी-नाचणारी तरुणाई जरा खोटी वाटायला लागली. नॅन्सी झालेल्या रीटा टशिंगहॅमचे डोळे मात्र खोटे नाहीत.

*

'अल्फी' (१९६६) पाहा. मायकेल केन कॅमेऱ्यात बघून बायकांबद्दल वाट्टेल ते बोलतो, आपण त्याच्या बाजूनं हसत असतो. मग चोरून केलेला गर्भपात येतो आणि सिनेमा स्वतःच हसायचं थांबवतो. गर्भपाताचा कायदा तिथं पुढच्याच वर्षी झाला. मला तरी हा जास्त टिकलेला वाटला.

*

'अल्फी' या रविवारी बघते. 'द नॅक'मधलं जॉन बॅरीचं संगीत राहिलंच की, त्यावर कुणीतरी लिहा.