डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळी नाही म्हणे! मग आमच्या पाड्यांवरच्या माणसानं करायचं काय?

तापीकाठचा (शहादा): "चिठ्ठीशिवाय एक गोळी दिली तरी मेडिकलचं लायसन रद्द करा" अशी पोस्ट कालपासून फिरतेय. लिहिणारे पुण्याचे, हे वेगळं सांगायला नको. शेड्यूल एच या यादीतली औषधं चिठ्ठीवरच द्यायची, हे १९४५ च्या औषध नियमांत आहे, मान्य. पण तोरणमाळच्या बाजूनं एकदा खाली येऊन बघा. माझ्या वडिलांची बीपीची गोळी तीच, डोस तोच. दर महिन्याला गाडी करून यायचं, फी भरायची, अन् मागच्याच चिठ्ठीची नक्कल घेऊन जायचं. हजारापर्यंत वस्तीच्या गावात पॅरासिटामॉल विकायला लायसनसुद्धा लागत नाही, ही सूट सरकारनंच दिलीय ना? मग अडचण सरकारलाही कळतेच की.

डी.फार्म_धुळे: पॅरासिटामॉलची सूट बीपीच्या गोळीला लावू नका. आणि डॉक्टरनं "इतक्या वेळा द्यावे" असं लिहिलं तर तीच चिठ्ठी पुन्हा चालते. त्याच नियमांतला नियम ६५ वाचा.

तापीकाठचा: लिहितो कोण? आपली फी कोण बुडवेल?

पारोळेकर: चिठ्ठीचं सोडा. माझ्या मावशीनं गुडघ्यासाठी "पुडी" खाल्ली, वर्षानुवर्षं. वेष्टन नाही, नाव नाही, सगळ्या गोळ्या सुट्या. शुगर वाढली, चेहरा सुजला, तेव्हा कळलं की त्यात स्टेरॉईड होतं. दुकानदार अजून तिथंच बसतो. अडाणी लोकांची सोय म्हणे!

डी.फार्म_धुळे: दुकानात फार्मासिस्ट होता का? भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं, गल्ल्यावर मालकाचा साडू. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं, औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. आम्ही शिकून महिनाभाड्यानं कागद टांगतो. लाज वाटते, पण पगार कोण देतो?

सातपुडा_होमिओ: मुळात चिठ्ठी लिहिणार कोण, ते ठरवा. यावल-चोपड्याच्या खेड्यांत एमबीबीएस येतो का? होमिओपॅथला अ‍ॅलोपॅथीची औषधं देता यावीत म्हणून २०१४ ला राज्यानं कायदा बदलला, आम्ही फार्माकॉलॉजीचा (औषधशास्त्राचा) एक वर्षाचा कोर्स केला, तरी सप्टेंबर २०२५ ला आयएमएनं, म्हणजे अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेनं, आमच्या नोंदणीविरुद्ध संप केला. खेड्यात यायचं नाही अन् येणाऱ्याला येऊ द्यायचं नाही.

एमबीबीएस_जळगाव: एका वर्षात साडेचार वर्षांचा अभ्यास? १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं होमिओपॅथनं अ‍ॅलोपॅथी देणं हाच निष्काळजीपणा ठरवला होता.

सातपुडा_होमिओ: तेव्हा हा कोर्स नव्हता, साहेब. आणि तुमच्या हॉस्पिटलात रात्रपाळीला कोण असतं? आमचा बीएचएमएस, होमिओपॅथीवालाच ना?

एमबीबीएस_जळगाव: देखरेखीखाली!

सातपुडा_होमिओ: रात्री दोनला देखरेख झोपलेली असते.

पारोळेकर: मावशीची पुडी राहिली बाजूला, यांचं भांडण सुरू!

डी.फार्म_धुळे: मूळ मुद्दा अँटिबायोटिकचा. २०१४ पासून शेड्यूल एच वन या वेगळ्या, जास्त कडक यादीतल्या औषधांना रजिस्टर आहे: पेशंट, डॉक्टर, औषध, किती दिलं, तीन वर्षं जपायचं. सेफिक्झिम हे अँटिबायोटिक त्यातच येतं. सर्दीला दोन गोळ्या मागणाऱ्याला नाही म्हटलं की तो शेजारच्या दुकानात जातो, तिथं मिळते.

तापीकाठचा: बरं भो, अँटिबायोटिक चिठ्ठीवरच द्या, तेवढं मान्य. पण बीपी-शुगरच्या चिठ्ठीवर "सहा महिने" लिहायला या डॉक्टरसाहेबांना सांगा. ते कबूल झाले तर मी माझी ही पोस्ट स्वतः काढून टाकतो.

एमबीबीएस_जळगाव: सहा नाही, तीन. मध्ये बीपी मोजून घ्यायचं.

तापीकाठचा: मोजायचं कुठं?